पॉली पाण्यात विरघळते कशी: पहिला सेकंद जोराचा, पुढचा तास सबुरीचा

पॉली म्हणजे पाण्यातला गाळ खाली बसवायला वापरलं जाणारं पॉलिमर, लांब साखळीसारख्या रेणूंचं रसायन. तिची टाकी रिकामी करून आत उतरलं, की तळाशी कधी कधी गोटीएवढे पारदर्शक गोळे सापडतात. मी पहिल्यांदा असा गोळा उचलला तेव्हा तो बोटांतून दोनदा निसटला. शेवटी ब्लेडने मधोमध कापला. बाहेर घट्ट जेलीचं कवच आणि आत कोरडी, पांढरी भुकटी. पिशवीतून निघाली तशीच्या तशी. तो गोळा त्या टाकीत निदान चार दिवस पडून होता, डोक्यावर ॲजिटेटर, म्हणजे ढवळणारा पंखा, फिरत होता, आणि तरीही आतल्या भुकटीला पाणी शिवलं नव्हतं.

या गोळ्यांना आमच्याकडे फिशआय म्हणतात. पाणी शुद्ध करण्याच्या किंवा सांडपाण्याच्या प्लांटवर नवीन आलेल्या माणसाला हे गोळे दिसले, की त्याला पहिली शंका येते ती ‘ढवळणं कमी पडलं’ ही. मग तो ॲजिटेटरचा वेग वाढवतो. गोळे तसेच राहतात, आणि जी पॉली नीट विरघळली होती तीही खराब होते. पॉलिमर पाण्यात कालवायची जी काही यंत्रं आहेत, ती सगळी या एका गैरसमजाला उत्तर म्हणून तयार झालेली आहेत असं मला वाटतं. पॉली ढवळून विरघळत नाही. तिला पहिल्या क्षणी जोराने सुटं करावं लागतं आणि नंतर हळुवारपणे उलगडू द्यावं लागतं. या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की काम बिघडलं.

आधी ही पॉली करते काय?

गढूळ पाण्यातला मातीचा कण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असेल, तर अगदी स्थिर पाण्यातही त्याला एक मीटर खाली बसायला साधारण १३ दिवस लागतात. एवढा वेळ कुणाकडे असतो? त्यात या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि जवळ येऊन मोठे होत नाहीत. तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) घातलं की हा भार मारला जातो आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. पण तयार होणारे पुंजके नाजूक आणि बारीक असतात. इथे पॉली कामाला येते. तिची एक लांब साखळी एका कणाला इथे धरते, दुसऱ्याला तिथे, आणि दोघांमध्ये पूल बांधते. बघता बघता मोठे, जड पुंजके, म्हणजे फ्लॉक, तयार होतात आणि क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीच्या, तळाशी बसतात. स्लजमधलं, म्हणजे साचलेल्या पातळ गाळातलं, पाणी काढायचं असेल तर तिथेही हीच गोष्ट: सेंट्रिफ्यूज असो, फिल्टर प्रेस असो की बेल्ट प्रेस, आधी पॉलीने पुंजके बांधल्याशिवाय पाणी सुटं होत नाही.

आता या साखळीचं माप बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाण्याच्या कामात वापरली जाणारी पॉली बहुतेक वेळा पॉलिॲक्रिलामाइड जातीची असते. ॲक्रिलामाइडच्या एका कडीचं रेणुभार सुमारे ७१. चांगल्या फ्लॉक्युलंटचं, म्हणजे फ्लॉक बांधणाऱ्या पॉलीचं, रेणुभार दीड कोटीच्या आसपास असू शकतं. म्हणजे एका साखळीत जवळपास दोन लाख कड्या. साखळी ताठ ओढून धरली तर तिची लांबी सुमारे ५० मायक्रॉन भरेल, माणसाच्या बारीक केसाच्या जाडीएवढी. आणि तिची स्वतःची जाडी? साधारण एक नॅनोमीटर. हे डोळ्यांसमोर आणायचं तर एक मिलिमीटर जाडीचा दोरा घ्या. त्या हिशेबाने तो ५० मीटर लांब असेल. असा दोरा गुंडाळून, चुरगळून, वाळवून ठेवलाय, आणि तुम्हाला तो न तोडता सोडवायचाय. काम किती नाजूक आहे ते यावरून कळेल.

इतके लांब रेणू असू शकतात हेच एकेकाळी रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला. त्याच कामासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं.

साखळी पाण्यात आपोआप पसरते त्याला कारण तिच्यावरचे विद्युतभार. ॲनायोनिक पॉलीवर ऋण भार असतात, कॅटायोनिकवर धन. एकाच साखळीवरचे सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि साखळी उलगडत जाते. पसरलेली साखळी जास्त कणांना धरते. गुंडाळी होऊन पडलेली साखळी म्हणजे पैसे मोजून घेतलेला पण न वापरलेला माल.

गोळा का होतो

भुकटीचा दाणा पाण्यात पडला, की त्याचा बाहेरचा थर क्षणार्धात पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. शेजारी दुसरा दाणा असेल तर दोघे एकमेकांना चिकटतात. मूठभर दाणे एकत्र पडले तर बाहेरच्या दाण्यांची जेली होऊन एक अखंड कवच तयार होतं आणि आतले दाणे कोरडेच कोंडले जातात. या कवचातून पाणी आत झिरपतं, पण फार सावकाश. झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा ०.३ मिलिमीटरचा सुटा दाणा ४० मिनिटांत विरघळतो. मग दसपट मोठ्या, ३ मिलिमीटरच्या गुठळीला शंभरपट वेळ लागेल: ४००० मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवस. माझ्या हातातला गोळा तर त्याहून कितीतरी मोठा होता. चार दिवसांनी तो आतून कोरडा निघाला यात नवल नव्हतं.

म्हणून पहिला नियम: प्रत्येक दाणा पाण्याला एकटा भेटला पाहिजे. एकदा गुठळी झाली की ती कुठल्याही ॲजिटेटरने सुटत नाही. लढाई पहिल्या सेकंदातच जिंकायची किंवा हरायची असते.

भुकटीचं यंत्र, वरून खाली

सगळ्यात वर हॉपर, त्यात भुकटी. खाली स्क्रू फीडर, जो ठरलेल्या वेगाने फिरून ठरलेलं वजन पुढे सरकवतो. त्याच्यापुढे भिजवणारा भाग, आणि मग टाकी.

भिजवण्याच्या तीन पद्धती मी वापरल्या आहेत. पहिली शंकूची: उलट्या शंकूच्या आतल्या भिंतीवरून पाणी गोल फिरत खाली येतं, भिंतीवर पाण्याचा पातळ पडदा तयार होतो, आणि भुकटी मधोमध विरळ पडते. दुसरी एज्युक्टरची: जोराचं पाणी अरुंद तोंडातून गेलं की तिथला दाब घसरतो आणि त्या ओढीने भुकटी आत खेचली जाऊन खळाळत्या प्रवाहात सापडते. तिसरी हवेची: ब्लोअर भुकटीला पाइपमधून उडवत नेतो, दाणे हवेतच सुटे होतात आणि पुढे पाण्याच्या फवाऱ्यांत शिरतात. मोठ्या प्लांटवर मला ही तिसरी पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण दाणे पाण्याला भेटण्याआधीच एकमेकांपासून दूर झालेले असतात. शिवाय भुकटीचा हॉपर टाकीच्या ओलाव्यापासून लांब ठेवता येतो.

ओलावा हा या भागाचा खरा शत्रू. टाकीतून वर येणारी वाफ फीडरच्या तोंडाशी जमते आणि तिथल्या भुकटीचा रबरासारखा बूच बनतो. रात्रभर यंत्र बंद राहिलं की सकाळी स्क्रू फिरतो, पॅनेलवर हिरवा दिवा लागतो, पाणी वाहतं, टाकी भरते. आणि तिच्यात पॉलीचा एक दाणाही नसतो. अशी साध्या पाण्याने भरलेली टाकी आम्ही एकदा अर्धा दिवस डोस करत होतो. क्लॅरिफायरवरून गाळ वाहायला लागला तेव्हा तुरटीला दोष दिला, पंपाला दिला, आणि शेवटी कुणीतरी फीडरच्या तोंडात बोट घातलं. म्हणून चांगल्या यंत्रात स्क्रूच्या तोंडाशी छोटा हीटर असतो. तो जळाला तर ‘नंतर बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी बदला. आणि हॉपरचं झाकण पिशवी ओतताना उघडायचं, ओतून झाली की लगेच लावायचं.

पाणी आणि भुकटीचा क्रमही ठरलेला असतो. आधी पाणी चालू, त्याचा प्रवाह पुरेसा आहे हे फ्लो स्विचने सांगितलं की मगच स्क्रू फिरणार. बंद करताना उलट: आधी स्क्रू थांबतो, पाणी आणखी थोडा वेळ वाहून शंकू धुऊन काढतं. पाण्याचा दाब कमी असेल तर शंकूवरचा पडदा फाटतो, एज्युक्टरची ओढ संपते, आणि गुठळ्या सुरू होतात. भरपूर फिशआय दिसायला लागले तर मी आधी पाण्याच्या गाळणीकडे जातो. निम्म्या वेळा तीच तुंबलेली असते.

छोट्या प्लांटवर हे यंत्र नसतं. एक टाकी, एक ॲजिटेटर आणि बादलीत पॉली. तिथेही तत्त्व तेच. टाकी अर्धी भरा, ॲजिटेटर चालू करा, पाण्यात भोवरा दिसू लागला की त्याच्या उतारावर भुकटी चाळणीतून किंवा चिमटीने भुरभुरत टाका. दहा मिनिटं लागली तरी चालतील. मग उरलेलं पाणी भरा. बादली एकदम उपडी करणाऱ्याला त्यात नऊ मिनिटं वाचतात आणि निम्मी पॉली तळाशी जाते.

मुरण्याची टाकी

दाणे सुटे भिजले की जोराचं काम संपलं. आता द्रावणाला मुरू द्यायचं. भुकटीच्या पॉलीला साधारण ३० ते ६० मिनिटं लागतात. पाणी फार थंड असेल तर जास्त. या वेळात फुगलेल्या दाण्यातून साखळ्या एकेक करून बाहेर येतात आणि पसरतात. ॲजिटेटरचं काम फक्त टाकीतलं पाणी सगळीकडे सारखं फिरवत ठेवणं. म्हणून पाती मोठी आणि वेग कमी, गिअरबॉक्स लावून उतरवलेला. थेट १४४० फेऱ्यांच्या मोटरला जोडलेला लहान पंखा इथे बसवणं म्हणजे ५० मीटरच्या दोऱ्यात कात्री फिरवणं. साखळी मधोमध तुटते. आणि अर्ध्या लांबीची साखळी अर्धंसुद्धा काम करत नाही, कारण तिचा पूलच लांबवर पोहोचत नाही.

टाकीची रचना बहुधा दोन प्रकारांची असते. एकात दोन वेगळ्या टाक्या: एकीत बॅच बनवायची, मुरवायची, आणि तयार झाली की दुसरीत सोडायची. दुसऱ्या प्रकारात एकच लांब टाकी आणि तिचे तीन कप्पे: पहिल्यात भिजवणं, दुसऱ्यात मुरणं, तिसऱ्यातून पंप ओढतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी सांडत किंवा आडभिंतीखालून जातं आणि यंत्र सतत चालू राहतं. जागा कमी लागते, माणूस कमी लागतो. पण त्यात एक मेख आहे. बॅचमध्ये प्रत्येक थेंबाला पूर्ण वेळ मिळतो; सतत चालणाऱ्या टाकीत काही द्रावण सरळ रस्ता शोधून वेळेआधीच पुढे निसटतं. वर ‘३००० लिटर’ लिहिलेल्या टाकीतून तुम्ही तासाला ३००० लिटर ओढत असाल तर सरासरी मुरण्याचा वेळ एक तास. प्लांटचा भार वाढला आणि तासाला ६००० ओढायला लागलात, तर तोच वेळ अर्ध्या तासावर येतो, आणि निसटणाऱ्या द्रावणाला तर तेवढाही मिळत नाही. यंत्र तक्रार करत नाही, कुठलाही अलार्म वाजत नाही. फक्त पॉलीचा खप वाढत जातो.

टाकी स्टेनलेस स्टीलची, एचडीपीईची (दाट प्लॅस्टिकची) किंवा एफआरपीची (तंतू घातलेल्या प्लॅस्टिकची) असावी. साध्या लोखंडाची नको: गंजातून सुटणारं लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने साखळ्या तोडतं.

इमल्शनची गोष्ट वेगळी आहे

ड्रममधून येणारी दुधाळ पॉली बघून अनेकांना वाटतं की ही आधीच विरघळलेली आहे, पाण्यात ओतली की झालं. प्रत्यक्षात ते तेल आहे, आणि त्यात पॉलिमर भरलेले पाण्याचे अतिसूक्ष्म, साधारण मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान थेंब तरंगत असतात. वापरताना हे सगळं आतबाहेर उलटवावं लागतं: तेलातले पाण्याचे थेंब होते, त्याऐवजी आता पाण्यात तेलाचे बारीक थेंब आणि साखळ्या मोकळ्या. हे उलटवण्यासाठी मालातच एक साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं.

इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक दडली आहे. ‘पातळ करायचंच आहे तर पहिल्यापासूनच भरपूर पाणी घालू’ असं वाटतं. पण पाणी फार झालं की ते साबणासारखं द्रव्य इतकं विरळ होतं, की त्याचा जोर उरत नाही आणि थेंब अर्धवट उलटतात. द्रावण पांढरट, पातळ राहतं, दाट होत नाही. म्हणून इमल्शनचं काम दोन टप्प्यांत. आधी बहुधा ०.५ ते १ टक्क्याला, जोरदार घुसळणीखाली, अवघे काही सेकंद. त्यासाठी यंत्रात एकतर छोट्या कोठडीत वेगाने फिरणारं पातं असतं, नाहीतर पाण्याच्याच दाबाने चालणारा मिश्रण-व्हॉल्व्ह. मग शांत कप्प्यात १५ ते ३० मिनिटं, आणि त्यानंतर हवं तेवढं पाणी. इथेही पुन्हा तोच क्रम: जोर आधी, सबुरी नंतर. फरक इतकाच, की इमल्शनला तो जोर भुकटीपेक्षा जास्त लागतो, आणि पहिल्या क्षणी साखळ्या अजून गुंडाळलेल्या असल्याने तो त्यांना सोसतोही.

टक्केवारीवरून वाद होतात, म्हणून आणखी एक गोष्ट. ड्रममध्ये सगळा पॉलिमर नसतो. ४० टक्के पॉलिमर असलेल्या इमल्शनचं ०.५ टक्क्याचं द्रावण केलंत, तर प्रत्यक्ष पॉलिमर ०.२ टक्केच. भुकटीच्या ०.२ टक्क्याशी तुलना करायची ती याची. दोन मालांचे दर पडताळताना हे विसरलं, तर महाग माल स्वस्त वाटतो.

साठवणीत इमल्शनचे थर होतात: वर तेल, खाली दाट साका. ड्रम उघडण्यापूर्वी गडगडवून किंवा हळू मिक्सरने एकजीव करून घ्यावा. आणि साठ्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. जिथे थेंब पडला तिथे रबर तयार झालं म्हणून समजा. मोठ्या टाकीत हवा आतबाहेर जायच्या नळीवर ओलावा शोषणारी डबी लावतात ती याचसाठी. पाणी आणि इमल्शन जिथे भेटतात तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (प्रवाह मागे येऊ न देणारा) गळका असेल, तर रात्रीत पाणी मागे सरकून अख्खी नळी जाम होते. ती मोकळी करण्याचा सोपा उपाय नाही; बहुतेक वेळा नळीच बदलावी लागते.

पंप आणि पुढचं पाणी

मुरलेलं द्रावण आता चिकट, तार सुटणारं झालेलं असतं. बोट बुडवून वर उचललं की मागे बारीक धागा ओढला जातो. या द्रावणाला सेंट्रिफ्यूगल पंप लावू नये. त्याचा वेगवान इंपेलर साखळ्यांचे तुकडे करतो. इथे स्क्रू पंप लावतात: रबरी स्टेटरमध्ये वळणदार रोटर सावकाश फिरतो आणि मधल्या पोकळ्यांतून द्रावण न चिरडता पुढे जातं. कमी प्रवाहाला डायफ्राम पंपही चालतो. स्क्रू पंपाची एकच अडचण म्हणजे तो कोरडा चालला की काही मिनिटांत स्टेटर जळतो, म्हणून टाकीतला लो-लेव्हल स्विच अधूनमधून हाताने उचलून पंप खरंच थांबतो का ते बघावं. प्रवाह कमी करायचा तर पंपाचा वेग कमी करावा. पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करू नये. त्या चिंचोळ्या फटीतून जाताना साखळ्या तुटतात, आणि स्क्रू पंपाचा दाबही नको तितका चढतो.

वाहत्या पाण्याची खळबळ आणि लांब साखळ्या यांचं नातं मोठं विलक्षण आहे. १९४८ मध्ये बी. ए. टॉम्स यांनी दाखवलं, की द्रवात किंचितशा लांब साखळ्या घातल्या तर पाइपमधल्या खळबळत्या प्रवाहाचं घर्षण चक्क घटतं. पण तीच खळबळ हळूहळू त्या साखळ्यांना तोडतेही, आणि मग हा परिणाम ओसरतो. आपल्या द्रावणाची वाट कमी वळणांची, कमी अडथळ्यांची का असावी, याचं हे पुरावा म्हणावं असं उत्तर आहे.

टाकीतलं द्रावण साधारण ०.१ ते ०.५ टक्क्याचं असतं. हे थेट गढूळ पाण्यात सोडलं तर चिकटपणामुळे त्याची धार दोरीसारखी वाहत राहते, जवळच्या कणांना भरमसाट पॉली आणि लांबच्यांना काहीच नाही. म्हणून डोस करण्याआधी ते पुन्हा पातळ करतात, बहुधा ०.०५ ते ०.१ टक्क्यापर्यंत. द्रावणाची आणि पाण्याची अशा दोन नळ्या एकत्र येतात, पाण्याच्या नळीवर प्रवाह मोजणारा रोटामीटर, दोन्हींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि पुढे स्टॅटिक मिक्सर: पाइपच्या आत बसवलेल्या पिळदार पट्ट्या, ज्या प्रवाहाला पुन्हा पुन्हा दुभागून एकत्र आणतात. त्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून बिघडायलाही फारसं काही नसतं.

हिशेब एकदा हाताने करून बघा. तासाला १०० घनमीटर पाणी, डोस लिटरला ०.५ मिलिग्रॅम. तासाला पॉली लागली ५० ग्रॅम. ०.१ टक्क्याच्या द्रावणात लिटरला एक ग्रॅम असतो, म्हणजे तासाला ५० लिटर द्रावण. हजार लिटरच्या टाकीत एक किलो पॉली टाकली तर ती २० तास पुरेल. तुमच्या प्लांटचा खप या आकड्याशी जुळत नसेल, तर फीडरखाली भांडं धरून एक मिनिट स्क्रू फिरवा आणि पडलेली भुकटी वजन करा. पॉलीचा ब्रँड बदलला की भुकटीची घनता बदलते आणि त्याच फेऱ्यांत वेगळं वजन पडतं. हे वजन करण्याचं काम पाच मिनिटांचं आहे, पण नवीन माल आल्यावर ते करणारे फार थोडे प्लांट मी पाहिले आहेत.

पाणी कसलं वापरता?

द्रावण बनवायला प्लांटमधलंच कुठलंतरी पाणी घेतलं जातं, आणि नेमकं ते विचारायचं राहून जातं. क्लोरीन असलेलं पाणी साखळ्यांना हळूहळू तोडतं. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ॲनायोनिक साखळीवरचे भार झाकून टाकतात, त्यामुळे ती पसरतच नाही. खारट पाण्याचंही तेच. कॅटायोनिक पॉलीला अल्कधर्मी पाणी सोसत नाही. तिचे भारच झडून जातात. पुन्हा वापरात घेतलेलं, गाळ असलेलं पाणी तर मुळीच नको, कारण पॉली आपलं काम टाकीतच सुरू करते आणि डोसपर्यंत पोहोचते तेव्हा निम्मी संपलेली असते. गरम पाण्यात लवकर विरघळते हे खरं, पण ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये.

तयार द्रावण फार काळ ठेवू नये. जितकं पातळ, तितकं लवकर बिघडतं. कॅटायोनिकचं पातळ द्रावण त्याच दिवशी वापरलेलं बरं. ॲनायोनिक जास्त टिकतं.

द्रावण चांगलं झालं का हे ओळखायला मी काचेची पट्टी वापरतो. थोडं द्रावण तिच्यावर ओतायचं, पट्टी तिरकी धरायची आणि उजेडाकडे बघायचं. चांगलं द्रावण एकसंध, गुळगुळीत पडद्यासारखं ओघळतं. दाणेदार ओघळलं तर मुरणं अपुरं. पारदर्शक डोळे दिसले तर भिजवण्यात गडबड. गुठळी नाही पण पाण्यासारखं भरभर ओघळतंय, तार सुटत नाहीये, तर एकतर पॉली पडलीच नाही किंवा साखळ्या तुटल्या. जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत पाणी घेऊन वेगवेगळे डोस करून बघणं, अर्थातच करायची. पण जार टेस्टसाठी प्रयोगशाळेत वेगळं ताजं द्रावण बनवलं आणि टाकीतलं बघितलंच नाही, तर यंत्राचा दोष कधीच सापडणार नाही. दोन्ही द्रावणं शेजारी शेजारी लावून बघा. एकाच डोसला फ्लॉक वेगळे आले, तर तो फरक यंत्राचा आहे.

पायाखाली आणि पाण्यात

सांडलेली पॉली हा प्लांटवरचा सगळ्यात घसरडा पदार्थ आहे. पहिला हात पाण्याच्या पाइपकडे जातो, आणि तिथेच चूक होते: पाणी मारलं की ती फुगून आणखी पसरते. कोरडी भुकटी आधी कोरडीच झाडून घ्यावी. द्रावण सांडलं तर भुसा किंवा वाळू टाकून उचलावं. मीठ टाकलं तर साखळ्या आकसतात आणि बुळबुळीतपणा कमी होतो. पाणी शेवटी. भुकटी ओतताना मास्क लावावा, धूळ नाकात गेली की तिथेही ती ओलावा शोधते.

पिण्याच्या पाण्यासाठी पॉली घेताना ती त्या वापरासाठी प्रमाणित आहे का हे बघायलाच हवं. साखळी स्वतः फारशी घातक मानली जात नाही, पण तिच्यात न जुळलेल्या सुट्या ॲक्रिलामाइडचा अंश राहतो, आणि त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोग होण्याची बहुधा शक्यता’ या गटात ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघाची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत तर पाण्यात मोजण्याऐवजी मालावरच बंधन घातलं आहे: सुटा ॲक्रिलामाइड ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि डोस लिटरला एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने. म्हणजे ‘फ्लॉक येत नाहीत, थोडी वाढवा’ असं म्हणताना आपण नुसता खर्च वाढवत नसतो. जास्त पॉलीने कण पुन्हा सुटेही होतात, कारण प्रत्येक कणाभोवती स्वतःचीच साखळी गुंडाळली जाते आणि पूल बांधायला मोकळी जागा उरत नाही. उरलेली पॉली पुढे वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन मातीचे गोळे बांधते. मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा बारीक पडदा, असेल तर तो बुजवते.

प्लांट काही दिवस बंद राहणार असेल तर हॉपर रिकामा करून कोरडा पुसावा, स्क्रू उलटा फिरवून मोकळा करावा, पंप आणि डोसिंगच्या नळ्या साध्या पाण्याने धुवाव्यात, आणि इमल्शनच्या नळ्या मात्र पाण्याने नव्हे, खनिज तेलाने. सुरू करताना पहिली टाकी डोसला लावण्याआधी फीडरच्या तोंडात बोट घालून बघावं.